सख्य आणि आज्ञा

देवाला माउली म्हणणे आपल्या अंगवळणी पडले आहे, स्वामी म्हणणेही. मित्र म्हणताना मात्र जीभ जरा अडखळते. मैत्री बरोबरीच्यांत होते. जिथे एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने मुकाट ऐकायचे, तिथे फार तर इमान असेल, सख्य कुठले? योहानाच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात हा पेच उघडच समोर येतो. वधस्तंभाच्या आदल्या रात्री, शेवटच्या भोजनानंतर, येशू शिष्यांना सांगतो की ते आता दास राहिलेले नाहीत, मित्र झाले आहेत. कारण धन्याच्या मनात काय आहे हे दासाला ठाऊक नसते आणि त्याने तर पित्याकडून ऐकलेले सगळे त्यांच्यापुढे उघड केले आहे. पण त्याच बोलण्यात एक अटही आहे: त्याची आज्ञा पाळणारे ते त्याचे मित्र. वरवर पाहता एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे हे वाटते. नीट पाहिले तर आज्ञापालन ही या मैत्रीची किंमत नव्हे. मैत्री जगण्याची ती रीतच आहे.

यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिन्ही परंपरांनी ज्याला देवाचा मित्र म्हटले, तो अब्राहाम याची पहिली साक्ष देतो. उत्पत्तीच्या पुस्तकातली त्याची कथा सुरू होते ती वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी हारान सोडण्यापासून. देश, नातेवाईक, बापाचे घर मागे ठेवून निघायचे आणि जायचे कुठे, तर पुढे दाखवला जाईल त्या देशात. त्याच्या हाती होते फक्त वचन. अशा वेळी विश्वास आणि आज्ञापालन वेगळे काढता येत नाहीत. वचन खरे मानतो पण घर सोडत नाही, असे अब्राहाम म्हणाला असता, तर त्या मानण्याला काही अर्थ उरला नसता. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय नेमके हेच सांगतो आणि अब्राहामाला देवाचा मित्र म्हटल्याचा उल्लेखही तिथेच करतो. मार्टिन ल्यूथरला हे पत्र रुचत नसे. 1522 साली नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने इतर पुस्तकांच्या तुलनेत ते गवतासारखे हलके ठरवले. कर्मांच्या बळावर तारण विकत घेता येते असे लोकांनी समजू नये, ही त्याची काळजी रास्त होती. पण घर सोडून अब्राहामाने काहीच विकत घेतले नाही. ज्याच्यावर भरवसा ठेवला त्याच्या शब्दावर तो चालू लागला, एवढेच.

आज्ञा पाळणारा मित्र म्हणजे होयबा, हा समज सदोमच्या प्रसंगात टिकत नाही. त्या नगराचा न्याय करण्याआधी देव आपला विचार अब्राहामापासून लपवून ठेवत नाही. मग अब्राहाम चक्क घासाघीस करतो. नगरात पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? तीस, वीस, शेवटी दहा. मधूनमधून तो आपण धूळ आणि राख असल्याची, देवाने रागावू नये अशी भाषा बोलतो, पण मागणी सोडत नाही. सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश अन्याय कसा करील, हा त्याचा मुद्दा आहे. देवाच्या स्वभावाचा दाखला देऊन तो देवाशीच वाद घालतो. अशी हिंमत दासाला होत नाही, कारण त्याला धन्याचा फक्त हुकूम ठाऊक असतो. मित्राला मन ठाऊक असते.

तरीही बरोबरीचा आक्षेप उरतोच, आणि तो क्षुल्लक नाही. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथात म्हटले होते की दोघांमधले अंतर फारच वाढले, जसे माणूस आणि देव यांच्यात असते, तर मैत्री संभवत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हा आक्षेप ओळखून उत्तर दिले. दोघांत काही सामायिक असले की मैत्री उभी राहते आणि देव आपले सुख माणसाला वाटून देतो, म्हणून त्याच्याशी मैत्री शक्य आहे, असे त्याचे म्हणणे. अंतर माणसाने उडी मारून कापलेले नाही; ते देवाने खाली येऊन मिटवले आहे. म्हणूनच या मैत्रीत उद्धटपणाला जागा नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यावर अर्जुनाला नेमके हेच भान येते. आजवर सखा समजून थट्टामस्करीत केलेल्या सलगीबद्दल तो क्षमा मागतो. पण कृष्ण त्याला दूर लोटत नाही, ओळखीच्या सौम्य रूपात पुन्हा त्याच्यासमोर उभा राहतो.

ही समजूत मराठी वाचकाला परकी वाटू नये. भागवतात प्रल्हादाने सांगितलेल्या नवविधा भक्तीत दास्य सातवे, सख्य आठवे आणि आत्मनिवेदन नववे. म्हणजे सख्य हे दास्य चुकवण्याची पळवाट नसून त्याच्या पुढची पायरी आहे. दासबोधाच्या चौथ्या दशकात आठव्या समासात समर्थ रामदासांनी याची व्यवहारी फोड केली आहे: ज्याच्याशी सख्य करायचे त्याला जे आवडते तसे वागावे आणि त्यासाठी स्वतःचे सुख सोडावे लागले तरी सोडावे. गीतेचा शेवटही असाच आहे. सगळे सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला पुरता विचार करून मग इच्छेप्रमाणे करायला सांगतो. अर्जुनाने आधी शंकांमागून शंका काढलेल्या आहेत. सांगितले तसे करीन, हे त्याचे उत्तर त्या मोकळिकीतून येते. येशूची शिकवण, गीता आणि दासबोध यांचे देवाविषयीचे सिद्धांत एक नाहीत आणि ते एकच आहेत असे भासवणे कोणत्याच परंपरेला न्याय देणारे नाही. पण मोकळ्या मनाने दिलेला होकार हे सख्याचे लक्षण आहे, यावर त्यांची साक्ष जुळते.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे. देवाची आज्ञा म्हणून माणसे काय काय करतात! मोरियाच्या डोंगरावर अब्राहामाने मुलावर सुरी उचलली, ती कथा आजही अंगावर काटा आणते. सोरेन किर्केगार्दने 1843 सालच्या आपल्या पुस्तकात तिचा थरकाप मुळीच सौम्य केला नाही. तो सौम्य करूही नये. पण दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली म्हणजे कथेत तो हात थांबवला जातो. शेवटची आज्ञा मुलाला इजा न करण्याची आहे. दुसरी म्हणजे सदोमसाठी न्यायाचा मुद्दा मांडणारा अब्राहाम हाच आहे. म्हणून देवाच्या नावावर कोणी द्वेष करायला किंवा रक्त सांडायला सांगितले, तर मित्राचे पहिले काम म्हणजे हे त्याच्या स्वभावाला धरून आहे का, असे विचारणे. आंधळे आज्ञापालन हा प्रश्न विचारू शकत नाही. सख्याला तो विचारावाच लागतो.

आणि येशूने अट घातली ती आज्ञा तरी कोणती होती? त्या भोजनाच्या वेळी त्याने स्वतः शिष्यांचे पाय धुतले होते आणि त्यानंतर सांगितले ते हेच की मी केली तशी एकमेकांवर प्रीती करा. यज्ञयाग किंवा पराक्रम त्याने मागितला नाही. म्हणून देवाशी मैत्री असल्याचा दावा प्रार्थनेतल्या गोडव्यावरून ठरत नाही. ज्याच्याशी बोलणे सोडले त्या भावाकडे आपण जातो का, घरी राबणाऱ्या बाईची मजुरी वेळेवर देतो का, खोटे बोलून काम साधत असताना जीभ आवरतो का, यावरून तो ठरतो. श्रद्धा या मैत्रीला सुरुवात करून देते, तिला रोजचे रूप देते ते आज्ञापालन. आणि हे रोजचे पालन जसजसे मुरते, तसतशी ती आज्ञा बाहेरून आलेली वाटेनाशी होते आणि माणसाला मनापासून तेच हवेसे वाटू लागते.