गाडी रात्री कुठे उभी करणार?

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या पेशंटांपैकी एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वय ७०, मधुमेह जुना, रोज दोन वेळा इन्सुलिन. मुलाने पुण्याहून कॅराव्हॅन भाड्याने ठरवली आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, तिथून तोरणमाळ, परतताना अडावदजवळच्या उनपदेवाच्या गरम झऱ्यावर आंघोळ, असा बेत. सोबत पत्नी, सून आणि दोन नातवंडे.

"डॉक्टरसाहेब, मी प्रवासाला फिट आहे का, तेवढं सांगा."

मी रक्तदाब घेतला, पायांची बोटे नीट पाहिली आणि म्हणालो, "गुरुजी, तुम्ही फिट आहात. गाडी रात्री कुठे उभी करणार, ते सांगा." गुरुजींना वाटले मी थट्टा करतो आहे.

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. आत झोपायच्या फळ्या, छोटा ओटा, संडास. २०२१ साली राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा गाड्या मुक्कामाला उभ्या करण्यासाठी पाणी, वीज आणि मैला सोडण्याची सोय असलेल्या जागा, म्हणजे कॅराव्हॅन पार्क व्हावेत, हा त्यातला एक भाग. आपल्या खान्देशाला हा प्रकार अगदीच नवा आहे असे नाही. सारंगखेड्याला घोडेबाजार पाहायला आमचे आजोबा बैलगाडीला ताडपत्री बांधून जात आणि तापीकाठी गाडीखालीच झोपत. (तेव्हा सारंगखेडे धुळे जिल्ह्यात होते, १९९८ पासून ते नंदुरबारात गेले.) आजोबांची गाडी संडास आणि जनरेटर घेऊन फिरत नव्हती, एवढाच फरक. पण दवाखान्याच्या दृष्टीने तोच मोठा.

जागेबद्दल मी इतका काटेकोर का झालो, ते सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघे भाऊ कुटुंबांसह जीप घेऊन डोंगराच्या पायथ्याशी एका खासगी जागेत तंबूत राहिलो. पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मालक म्हणाला, "पाण्याची काळजी नको, टाकी भरलेली आहे." मी डॉक्टर असूनही टाकीत पाणी कुठून येते हे विचारले नाही. दुसऱ्या रात्री माझी चार वर्षांची मुलगी जुलाब-उलट्यांनी हैराण झाली. जलसंजीवनीची पाकिटे मी घरीच विसरलो होतो. एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून चमच्याचमच्याने पाजत बसलो. पहाटेपर्यंत तिचे डोळे खोल गेले आणि रडताना पाणी येईना. निघायचे तर आमच्या जीपपुढे कुणाची तरी बस आडवी, तिचा ड्रायव्हर गावात झोपायला गेलेला, फाटकाला कुलूप. तो तास मी अजून विसरलेलो नाही. तालुक्याच्या गावी सलाईन लागले. चौथ्या दिवशी तिने जिलबीचा हट्ट धरला, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

सामान आणायला परत गेलो तेव्हा जागा उजेडात पाहिली. टाकी भरली जाई ती विहीर खाली आणि संडासाचा खड्डा वर, चढावर. मधले अंतर जेमतेम वीस फूट. खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर आणि उताराच्या बाजूला हवा, हे मी परीक्षेत लिहून आलेला माणूस!

म्हणून मुक्कामी उजेड असतानाच पोहोचा. पाणी कुठून येते हे नुसते विचारू नका, चालत जाऊन पाहा. पार्क असेल तर आणखी एक प्रश्न, जो विचारायला लोक लाजतात: गाड्यांच्या टाक्यांतला मैला कुठे सोडतात? सेप्टिक टँक दाखवला तर ठीक. "तिकडे नाल्यात" असे उत्तर आले तर फोटो काढण्यासारखा सूर्यास्त असला तरी पुढे निघा. मैल्याची टाकी धुण्याचा नळ आणि पिण्याचे पाणी भरण्याचा नळ वेगळे हवेत, नळीसुद्धा वेगळी. पाण्याची शंका असेल तर उकळा, नाहीतर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात मात्र क्लोरीनचा जोर कमी पडतो. ते आधी निवळून, गाळून घ्यावे.

दुसरी गोष्ट विजेची. पार्कात गाडीला वीज जोडता येत असेल तर दोन पैसे जास्त द्या आणि तीच जागा घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरल्याचे तपासात पुढे आले. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. माणूस म्हणतो प्रवासाचा शीण आहे, आणि झोपतो. तोरणमाळ हजार मीटरहून उंच, डिसेंबरात थंडी बोचरी. काचा बंद करून आत शेगडी पेटवावी असे कुणालाही वाटेल. पेटवू नका. कोळशाची नाही आणि गॅसचीही नाही. पांघरुणे जास्त न्या. शेजारच्या गाडीचा जनरेटर आपल्या खिडकीशी धडधडत असेल तर रामराम करून आपली गाडी हलवा.

साप-विंचवांचे थोडक्यात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो आणि चावा पुष्कळदा जाणवतही नाही. गाडीत झोपणाऱ्याला ही भीती कमी. पण मुले बाहेर चटईवर झोपण्याचा हट्ट धरतात. तेव्हा खाट आणि कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हवी. मच्छरदाणी मलेरियासाठीही हवीच. सकाळी बूट झटकूनच घालावेत. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची साधी गोळी परिणामकारक ठरवली. त्यामुळे असंख्य जीव वाचले. पण गोळी वेळेवर मिळायला हवी. म्हणून जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, तिथे रात्री डॉक्टर आणि सर्पदंशाची लस असते का, हे दिवसा विचारून ठेवा. सातपुड्यात पुष्कळ ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. १०८ नंबर माहीत असून उपयोग नाही. रेंज कुठल्या टेकाडावर येते तेही माहीत हवे. आणि गाडीचे तोंड रस्त्याकडे करून उभी करा, पुढे कुणाला आडवे लावू देऊ नका.

गुरुजी हे सगळे वहीत उतरवून घेत होते. शेवटी विचारले, "आणि माझं इन्सुलिन?" मी म्हटले, शिल्लक बाटल्या गाडीतल्या फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते. वापरातली बाटली सावलीत. उभ्या गाडीत काचेजवळ ठेवू नका, डिसेंबरातही दुपारी तिथे चांगलेच तापते. उनपदेवाच्या पाण्यात पाय घालण्याआधी ते किती गरम आहे हे सूनबाईंना हाताने पाहू द्या, तुमच्या तळव्यांना आता चटका कळत नाही.

काल गुरुजींचा फोन आला. सारंगखेड्याला यात्रेच्या गर्दीत गाडी लावायची नाही, शहाद्याला नातेवाइकांच्या वाड्यात उभी करायची, असे ठरले आहे. तोरणमाळच्या जागेवर मुलगा या रविवारी मोटारसायकलने जाऊन विहीर पाहून येणार आहे.