जळगावपेक्षा मोठं लिंबायत

नंदुरबार मागे पडलं की गाडी नवापूरला थांबते. या स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. त्यापुढे सोनगड, व्यारा, बारडोली. चलथान आलं की डब्यातली माणसं उठून वरच्या फळीवरच्या पिशव्या उतरवायला लागतात. पिशव्यांत बाजरी असते, उडदाच्या डाळीचे पापड असतात, वांगी असतात. या वांग्यांशिवाय सुरतेत भरीत जमत नाही, असं खानदेशी माणूस शपथेवर सांगेल. उधना जंक्शनला अर्धी गाडी रिकामी होते आणि उतरलेल्यांतले बरेच जण रुळांच्या पूर्वेकडची रिक्षा धरतात. खानदेशात कोणी ‘गुजरातले गया’ म्हणत नाही, ‘सुरतले गया’ म्हणतात. त्या सुरतेचा खरा पत्ता बहुतेक वेळा लिंबायत, दिंडोली, गोडादरा किंवा उधना हाच निघतो.

नकाशावर लिंबायत चटकन सापडतं. मुंबईहून येणारा मोठा लोहमार्ग त्याची पश्चिमेची कड. उत्तरेला रिंगरोड आणि त्यावरची कापड मार्केटं. दक्षिणेला दिंडोली, जिथून जळगावचा फाटा निघून पूर्वेला जातो. पूर्वेला पर्वत, गोडादरा आणि मग कडोदऱ्याकडे जाणारा रस्ता. मधून मिठी खाडी वाहते. कधीकाळी हे चोऱ्यासी तालुक्यातलं एक खेडं होतं. चोऱ्यासी म्हणजे चौऱ्याऐंशी, तेवढ्या गावांचा तालुका. आज लिंबायतमध्ये शेत म्हणावं असं काही उरलेलं नाही.

सुरत महानगरपालिकेने शहराचे जे झोन पाडले, त्यांतला आग्नेयेचा झोन म्हणजे लिंबायत झोन. त्यात लिंबायतसोबत आंजणा, उमरवाडा, डुंभाल, मगोब, पर्वत, गोडादरा, दिंडोली हा सगळा पट्टा येतो. २०११च्या जनगणनेप्रमाणे या झोनचं क्षेत्रफळ १९.४९२ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या ७,४८,३०४. म्हणजे एका चौरस किलोमीटरात अडतीस हजारांहून जास्त माणसं. त्याच जनगणनेत, त्याच महापालिकेच्या अठवा झोनमध्ये सुमारे ११२ चौरस किलोमीटरांवर ३,४७,४४७ लोक राहत होते. तिथे किलोमीटरामागे तीन हजार पडतात. दोन्ही झोनांची घरपट्टी एकाच तिजोरीत जाते.

आता हाच आकडा खानदेशच्या तराजूत टाकून पाहू. २०११ला जळगाव शहराची लोकसंख्या ४,६०,२२८ होती आणि धुळ्याची ३,७५,५५९. दोन्हीकडे स्वतंत्र महापालिका, महापौर, आयुक्त, सभागृह. नंदुरबार तर लाखाच्या थोडंसं वर, तिथेही नगरपालिका आणि नगराध्यक्ष. ही गावं सोडून माणसं जिथे आली, ती जागा जळगावपेक्षाही मोठी, पण तिचा दर्जा एका झोन कार्यालयाचा. अर्थात या साडेसात लाखांत सगळे खानदेशी नाहीत. तेलुगू पद्मशाली विणकर आहेत, ओडिया कारागीर आहेत, उत्तर प्रदेश आणि बिहारचे लोक आहेत, मिठी खाडीच्या काठी मोठी मुस्लिम वस्ती आहे, मूळचे गुजरातीही आहेत. तरी चहाच्या टपरीवर ‘तुम्हनं गाव कोणतं?’ हा प्रश्न अहिराणीत ऐकू आला, तर इथे कोणी मान वळवून पाहत नाही.

माणसं आली कधी? सुरत ते अमळनेर ही तापी खोऱ्यातली रेल्वे १९००च्या सुमारास पुरी झाली. वाट तेव्हाच मोकळी झाली होती. पण लोंढा आला तो बराच नंतर. १९७२चा दुष्काळ, पुढे अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथल्या कापड गिरण्यांचे थांबलेले भोंगे, कोरडवाहू शेतीच्या होत गेलेल्या वाटण्या, आणि त्याच काळात सुरतेत कृत्रिम धाग्याच्या साडीला आलेला उठाव, हे सगळं एकमेकांना जुळलं. पहिला भाऊ आला, त्याने खोली केली, मग दुसरा, मग मेहुणा. त्याआधी महाराष्ट्रातून एक मोठी तुकडी १६६४च्या जानेवारीत आली होती. इंग्रज वखारीच्या कागदपत्रांनुसार शिवाजी महाराजांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाजाजवळ पडला होता, म्हणजे खानदेशकडे तोंड करून असलेल्या वेशीपाशी. महाराज चार-पाच दिवसांत परतले. नंतर आलेले परतले नाहीत.

काम बहुतेकांचं कापडाभोवतीच फिरतं. संचे खात्यावर, म्हणजे यंत्रमागांवर, ओडिया कारागीर जास्त, मार्केटात मराठी माणूस जास्त: पोटली उचलणारा, पार्सल बांधणारा, कापड मोजणारा, घडी करणारा, दुकानावर बसून हिशेब लिहिणारा. मोठा वाटा मात्र घराघरांत चालतो आणि तो कुठल्याच नोंदवहीत नीट येत नाही. दुपारी गल्लीतून गेलात तर ओट्यावर साड्यांचे ढीग दिसतात. बायका सुटलेले धागे कापतात, लेस लावतात, पदरावर टिकल्या चिकटवतात. मजुरी नगावर. देशभर लग्नात नेसल्या जाणाऱ्या कितीतरी स्वस्त साड्यांना शेवटचा हात लिंबायतच्या ओट्यावर लागलेला असतो.

ही वस्ती कशी उभी राहिली, ते पाहिल्याशिवाय तिचा कारभार समजत नाही. सुरत शहर १९६०च्या आधी अवघं ८.१८ चौरस किलोमीटर होतं. जुन्या कोटाचं ते शहर आजही मध्य झोन म्हणून तेवढंच आहे. १९८६ला हद्द १११ चौरस किलोमीटरांवर गेली. २००६ला आठ नगरपालिका आणि सत्तावीस ग्रामपंचायती पोटात घेऊन ती ३२६ झाली आणि २०२०मध्ये ४६०च्या पुढे सरकली. हद्द पोहोचण्याआधीच माणसं पोहोचलेली असायची. शेतमालकाने तुकडे पाडायचे, तुकड्याला ‘सोसायटी’ म्हणायचं, साध्या कागदावर व्यवहार करायचा. मग पाणी, गटार आणि रस्ता मागत पालिकेच्या पायऱ्या झिजवायच्या.

गुजरातेत नगररचना चालते ती टी.पी. म्हणजे टाउन प्लॅनिंग योजनेवर. जमीन सक्तीने संपादून घेण्याऐवजी एका भागातल्या सगळ्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळा यांची जागा काढायची आणि उरलेली जमीन मालकांना नव्या आकाराच्या प्लॉटांत परत द्यायची. मूळ कल्पना १९१५च्या मुंबई नगररचना कायद्यातली, म्हणजे दोन्ही राज्यांच्या सामायिक घरातली. गुजरातने ती १९७६च्या आपल्या कायद्यात जपली आणि वाढवली, महाराष्ट्रात ती बराच काळ अडगळीत पडली. मोकळ्या शेतावर ही पद्धत देखणी चालते, याला अठवा, वेसूकडचे रुंद रस्ते साक्षी आहेत. पण घरं आधी आणि योजना नंतर, असा क्रम असला तर रस्ता काढायचा कुणाच्या ओट्यावरून? लिंबायतच्या अरुंद गल्ल्यांचा दोष रहिवाशांवर टाकणं सोपं आहे. मला तो क्रमाचा दोष वाटतो.

मिठी खाडीविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण सुरतेबाहेरच्या माणसाचा इथे हमखास घोटाळा होतो. सुरतेचा पूर म्हटला की तापी आठवते. ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडवला, ते वर्ष इथे कोणी विसरलेलं नाही. पण लिंबायतचा नेहमीचा पूर निराळा आहे. त्याला ‘खाडीपूर’ म्हणतात. पूर्वेकडच्या तालुक्यांत धो-धो पाऊस झाला की ते पाणी खाड्यांमधून शहरात येतं आणि दक्षिणेला मिंढोळा नदीच्या वाटेने समुद्र गाठू पाहतं. सगळा प्रदेश सपाट, सुरतेची समुद्रसपाटीपासून उंची सरासरी तेरा मीटर. त्यात समुद्राला भरती असली तर पाण्याला पुढे वाट राहत नाही आणि ते मागे वस्तीत शिरतं. म्हणजे तापी काठाच्या आत शांत वाहत असताना लिंबायतमध्ये गुडघाभर पाणी असू शकतं, आणि असतंही. सगळ्यात आधी रेल्वेखालचं गरनाळं भरतं. लिंबायतचं गरनाळं भरलं ही सुरतेच्या वर्तमानपत्रांची पावसाळ्यातली ठरलेली बातमी. गरनाळं भरलं की मार्केटला जाणारा मजूर अडतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.

आता कारभार. सुरतेत नगरपालिका १८५२ला आली, महापालिका १ ऑक्टोबर १९६६ला. तिचा कायदा १९४९चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, ज्यावर पुणेही चाललं. त्यामुळे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला इथली रचना अनोळखी वाटत नाही: निवडून आलेलं सभागृह, स्थायी समिती, अडीच वर्षांचा महापौर, आणि खरी कार्यकारी सत्ता सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हातात. झोनला वजन आलं ते प्लेगनंतर. सप्टेंबर १९९४मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक सुरत सोडून पळाले. १९९५च्या मे महिन्यात एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहर सहा झोनांत विभागलं, वरिष्ठ अधिकाऱ्यांना अधिकारांसह झोनमध्ये बसवलं आणि सकाळी कार्यालयाऐवजी रस्त्यावर उतरायला लावलं. पुढे स्वच्छ शहरांच्या केंद्रीय सर्वेक्षणात सुरतेने अनेकदा दुसरा क्रमांक घेतला आणि २०२३ला इंदूरसोबत पहिला. त्या यशातला झोनचा वाटा मोठा आहे. जन्माचा दाखला, घरपट्टी, तुंबलेलं गटार या कामांसाठी लिंबायतच्या माणसाला मुगलीसराईतल्या मुख्य कचेरीपर्यंत जावं लागत नाही.

पण झोन ही प्रशासनाची सोय आहे, लोकांचं सभागृह नाही. सुरतेत ३० प्रभाग, प्रत्येकी चार नगरसेवक, एकूण १२०. त्यांत निम्म्या जागा महिलांच्या. २०११चीच लोकसंख्या धरली तरी एका नगरसेवकामागे सुमारे ३७ हजार माणसं येतात. या हिशेबाने लिंबायत झोनच्या साडेसात लाखांच्या वाट्याला वीसेक नगरसेवक. चार लाख साठ हजारांच्या जळगावात २०१८ला ७५ नगरसेवक निवडून आले, म्हणजे सहा हजारांमागे एक. गल्लीत पाणी आलं नाही तर जळगावचा माणूस नगरसेवकाच्या दारात उभा राहतो. लिंबायतमध्ये तो नगरसेवक आणखी एकतीस हजारांचा असतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात याचं दुसरं टोक दिसतं. तिथे काही हजार वस्तीच्या टाउनशिपलाही तीन निवडलेले विश्वस्त आणि एक निवडलेला हिशेबनीस असतो. अमेरिकी जमीन मोजणीतली ठरीव टाउनशिप छत्तीस चौरस मैलांची. तेवढ्यात लिंबायत झोन पावणेपाच वेळा बसेल. ओहायोचा नमुना इथे आणा असं माझं म्हणणं नाही, तीन विश्वस्तांना मिठी खाडी झेपणार नाही. पण साडेसात लाख लोकांचा स्वतःचा म्हणावा असा एकही ठराव कुठे होत नाही, हे खटकतं.

मोठ्या राजकारणात मात्र या पट्ट्याला आवाज मिळाला आहे. २००८च्या पुनर्रचनेआधी हा भाग चोऱ्यासी या अवाढव्य मतदारसंघात होता. लिंबायत स्वतंत्र झाल्यावर २०१२, २०१७ आणि २०२२ अशा तिन्ही वेळा भाजपच्या संगीता पाटील इथून आमदार झाल्या. लोकसभेसाठी लिंबायत सुरतेत मोडत नाही, नवसारीत मोडतं. तिथले खासदार सी. आर. पाटील, जन्म जळगाव जिल्ह्यातला. २०१९ला ते ६,८९,६६८ मतांनी जिंकले, त्या निवडणुकीतलं देशातलं सर्वांत मोठं मताधिक्य. पुढे ते गुजरात भाजपचे अध्यक्ष झाले आणि २०२४पासून केंद्रात जलशक्ती मंत्री आहेत. लिंबायतच्या नीलगिरी मैदानावर २९ सप्टेंबर २०२२ आणि ७ मार्च २०२५ला पंतप्रधानांच्या सभा झाल्या. मतं कुठे आहेत हे पक्षांना जनगणनेआधी कळतं.

भाषेचं काय? महापालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू माध्यमाच्याही शाळा चालवते. महाराष्ट्रातल्या किती महापालिका एवढं करतात, हे विचारून पाहावं. पण घरात बोलली जाते ती अहिराणी आणि ती कुठल्याच शाळेत नाही. ती दिसते सणाला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात, रात्र जागते आणि सोमवारी डोक्यावर कानबाई घेऊन बायका विसर्जनाला निघतात. मग गुजराती दुकानदारही रस्ता मोकळा करून देतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उलटं होतं, गल्ल्या ओस पडतात आणि उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा राहत नाही.

या लेखातले लोकसंख्येचे सगळे आकडे २०११चे आहेत, कारण त्यानंतरची मोजणी अजून हाती नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. २०११ला देशभरात खानदेशी भाषकांची (अहिराणी यांतच मोजली जाते) नोंद अवघी अठरा लाख साठ हजारांची झाली, कारण कितीतरी घरांनी मातृभाषा मराठी सांगितली, काहींनी गुजराती. लिंबायत-दिंडोलीतल्या वाचकांनो, प्रगणक दारात आला की घरात बोलता तीच भाषा सांगा. आणि तो गावाचं नाव विचारेल, तेव्हा सुरतच सांगा.