यकृताचा कर्करोग

‘काळीज’ म्हणताना आपला हात छातीच्या डावीकडे जातो. परंतु खाटकापाशी ‘कलेजी’ मागितली असता तो जे देतो, ते यकृत होय. मनुष्याच्या देहात ते उजवीकडे, बरगड्यांच्या आड असते. हा अवयव मोठा सोशिक. बराच भाग बिघडला तरी तो तक्रार करीत नाही. म्हणूनच त्यातील कर्करोग बहुधा उशिरा उघडकीस येतो.

दुसऱ्या अवयवातील कर्करोग रक्तावाटे यकृतात येऊन रुजतो, तो निराळा. मूळ यकृतातच उद्भवणारा जो, त्याच्या १०० रोग्यांपैकी सुमारे ७५ ते ८५ जणांत तो यकृताच्या पेशींतून निघतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांत पित्तनलिकांतून. लहान मुलांत आढळणारा एक प्रकार आहे, पण तो विरळा.

निरोगी यकृतात हा रोग सहसा होत नाही. अगोदर वर्षानुवर्षे सूज, मग यकृत निबर होऊन आकसणे, अशी त्याची वाट असते. ती वाट करून देणाऱ्यांत दारू आहेच. लग्नकार्यांत तिला मिळणारा मान पाहता हे पुन्हा सांगावेसे वाटते. परंतु दारूस कधीही न शिवलेल्या स्त्रीस हा रोग झाला म्हणजे शेजारी कुजबुजतात, हा घोर अन्याय होय. लठ्ठपणा व मधुमेह यांनीही यकृतात चरबी साठून धोका वाढतो. आणि ‘ब’ व ‘क’ काविळीचे विषाणू तर अंगात मुकाट्याने दशके काढतात.

‘क’ काविळीवर लस नाही. मात्र आता ती गोळ्यांनी बहुतेकांत समूळ बरी होते. ‘ब’ कावीळ बाळंतपणात आईकडून बाळास लागते, परंतु तिच्यावर लस आहे. तैवानने १९८४ साली अर्भकांना ती टोचण्यास आरंभ केला, आणि पुढे तेथील मुलांतील यकृताचा कर्करोग सुमारे निम्म्यावर आला. आपल्याकडेही सरकारी दवाखान्यांत ती विनामूल्य मिळते. पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची असते.

आणखी एक शत्रू कणगीत दडतो. ओलसर मका व भुईमूग यांवर धरणाऱ्या एका बुरशीचे विष यकृतास घातक आहे. १९७४ साली अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन पंचमहाल व बांसवाडा या जिल्ह्यांत १०० हून अधिक माणसे यकृत बिघडून दगावली. थोडे थोडे विष दीर्घकाळ पोटात गेल्यास कर्करोग संभवतो, आणि त्यात ‘ब’ कावीळ असल्यास धोका अनेक पटींनी वाढतो. शिजविल्याने हे विष पुरते नष्ट होत नाही. दाणा कडक उन्हात वाळवूनच साठवावा. बुरसलेला निवडून टाकावा, आणि तो कोंबड्यांपुढेही घालू नये.