पाण्याचे वजन, आकाशातून

विहिरीत दोरी सोडली की पाणी किती खोल गेले आहे ते समजते. गावातल्या सगळ्या विहिरी मोजल्या तर गावाचाही अंदाज येतो. पण पंजाबपासून राजस्थानपर्यंत पसरलेल्या जमिनीच्या पोटात एकूण पाणी किती घटले, हे कसे मोजायचे? तिथल्या प्रत्येक बोअरमध्ये मोजपट्टी सोडणे शक्य नाही आणि छायाचित्रे काढणाऱ्या उपग्रहांना जमिनीखाली खोलवरचे पाणी दिसत नाही. शास्त्रज्ञांनी यावर वेगळाच उपाय शोधला. पाणी पाहायचे नाही, त्याचे वजन करायचे.

एक घनकिलोमीटर पाणी म्हणजे १०० कोटी टन. एवढे वस्तुमान जिथे असेल तिथे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण किंचित जास्त असते. पावसाळ्यात एखाद्या प्रदेशात पाणी मुरले, साठले की तिथली ओढ थोडी वाढते. उन्हाळ्यात पाणी आटले की कमी होते. हा फरक इतका सूक्ष्म असतो की आपल्याला तो कधीच जाणवणार नाही. तो टिपण्यासाठी अमेरिकेची ‘नासा’ आणि जर्मनीची अवकाशसंस्था यांनी १७ मार्च २००२ रोजी ‘ग्रेस’ मोहिमेचे दोन जुळे उपग्रह सोडले.

हे उपग्रह सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून, एकमेकांत सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून, एकामागोमाग फिरत. पुढे पाण्याने भरलेला जड प्रदेश आला की आधी पुढचा उपग्रह त्याच्याकडे ओढला जाई आणि दोघांतले अंतर वाढे. पुढचा तो प्रदेश ओलांडून गेला की त्याला मागे ओढ बसे, तर मागचा अजून पुढे खेचला जात असे. मग अंतर पुन्हा कमी होई. अंतरातला हा बदल सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने केसाच्या जाडीपेक्षाही बारीक मापात मोजला जाई. पृथ्वीभोवती दिवसाला सुमारे १५ फेऱ्या मारून जमा केलेल्या या नोंदींतून दर महिन्याला पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा नवा नकाशा तयार होई.

अर्थात, तराजूत सगळेच एकत्र तोलले जाते. हवेचे वस्तुमान, समुद्राची भरती-ओहोटी, बर्फ, धरणातले पाणी, मातीतला ओलावा आणि भूजल. त्यामुळे गणिताचा मोठा भाग वजाबाकीचा असतो. बाकीच्या गोष्टींचा हिशेब निरीक्षणे आणि संगणकीय प्रारूपे यांच्या मदतीने वजा केला की उरतो तो भूजलातला बदल.

या वजाबाकीचे सर्वांत गाजलेले उत्तर भारताविषयीचे आहे. ऑगस्ट २००९ मध्ये मॅथ्यू रॉडेल, इसाबेला वेलिकोन्या आणि जेम्स फॅमिग्लिएटी यांनी ‘नेचर’मध्ये राजस्थान, पंजाब आणि दिल्लीसह हरियाणाचा हिशेब मांडला. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात तिथून सुमारे १०९ घनकिलोमीटर भूजल नाहीसे झाले होते. आपल्या परिचयाच्या मापात सांगायचे तर हे साधारण ३,८५० टीएमसी, म्हणजे काठोकाठ भरलेली जवळपास ३६ कोयना धरणे. सगळ्या प्रदेशावर सारखे पसरून पाहिले तर दरवर्षी सुमारे ४ सेंटीमीटर जाडीचा पाण्याचा थर कमी होत होता.

या अभ्यासातली खरी महत्त्वाची गोष्ट मात्र पुढेच आहे. त्या वर्षांत तिथला पाऊस सरासरीच्या आसपास होता. मातीतला ओलावा आणि धरणांतला साठा यांतही एवढी घट झालेली नव्हती. म्हणजे दोष पावसावर ढकलता येत नव्हता. भात आणि गव्हासाठी चाललेला उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त होता, हाच निष्कर्ष उरत होता. पंजाबात शेतीला मोफत वीज असल्याने पंप किती तास चालवायचा याला खर्चाचा लगामही नव्हता. त्याच २००९ साली पंजाबने कायदा करून १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली. ऐन उन्हाळ्यात, पाऊस येण्याआधी शेतात पाणी उभे करणे थांबावे हा त्यामागचा हेतू होता.

या तराजूच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. त्याची नजर शेकडो किलोमीटरच्या टापूंची आहे. वर उल्लेखलेला प्रदेश सुमारे ४ लाख ३८ हजार चौरस किलोमीटरचा होता, म्हणून तिथे उत्तर ठळक मिळाले. एखाद्या तालुक्याचे, गावाचे किंवा आपल्या बोअरचे भविष्य त्यातून कळत नाही. शिवाय पाणी किती वाढले वा घटले एवढेच तो सांगतो. जमिनीत एकूण किती शिल्लक आहे ते नाही. २०१७ मध्ये ‘ग्रेस’ची कामगिरी संपली आणि मे २०१८ पासून ‘ग्रेस फॉलो-ऑन’ ही नवी जोडी फिरते आहे. तिच्यात लेझरने अंतर मोजण्याची अधिक अचूक सोयही आहे; पण नजरेचा पल्ला साधारण तोच आहे.

महाराष्ट्रात ही मर्यादा अधिकच जाणवते. पंजाबात गाळाचे जाड थर आहेत. तिथे पाणी खोलवर साठते आणि वर्षानुवर्षे उपसता येते. आपल्याकडे बहुतांश भाग काळ्या कातळाचा आहे. पाणी राहते ते मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. साठाच लहान असल्याने तो पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत संपतो. एका गावात पाणी असते, शेजारच्या गावात टँकर येतो. हा फरक आकाशातून दिसणार नाही. तो राज्याच्या भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींतच दिसतो.

म्हणून उपग्रह आले तरी मोजपट्टी जुनी होत नाही. महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या निवडक गावांत अटल भूजल योजनेखाली गावाने स्वतः पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत सुरू झाली. पाऊस किती झाला, मुरला किती, आणि पिकाने, पिण्याला किती लागणार, याचा तो हिशेब. पाऊस बरा झाला तरीही साठा घटू शकतो, हे दोन उपग्रहांनी दाखवून दिले आहे. आपल्या गावात तसे होते आहे का, हे मात्र विहिरीत दोरी सोडूनच कळेल, आणि तेही रब्बीचे पीक ठरवण्याआधी कळलेले बरे.