गॅरेजमधली सवत

मैत्रिणींनो, नवऱ्याला एखादा छंद असावा असं आपण सगळ्याच म्हणतो. पण तो छंद जागा अडवून बसला, वर घरातल्या पैशाला हात घालू लागला, की मग? इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीची ही हकिकत ऐका.

एका रविवारी मेहुणे ट्रेलरवर मोटारीचा सांगाडा घेऊन दारात हजर! चाकं होती, स्टिअरिंग होतं. सीट नाही, वायरी लोंबताहेत, आणि सोबत नटबोल्टांची चौदा खोकी. "हे कसलं भंगार?" बहिणीने विचारलं. "भंगार काय म्हणतेस? किट कार आहे!"

किट कार म्हणजे घरी जोडायची मोटार. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि फायबरग्लासची बॉडी विकत घ्यायची, इंजिन-गिअरबॉक्स बहुधा एखाद्या जुन्या गाडीचे काढून बसवायचे. पूर्वी तिथे तयार नव्या मोटारीवर खरेदी कर असे. सुटे भाग घेऊन स्वतः जोडली तर तो वाचे. १९५७ साली निघालेली 'लोटस सेव्हन' पुष्कळांनी अशीच घरी जोडली. १९७३ साली व्हॅट आला आणि ती सवलत संपली, पण हौस काही संपली नाही. त्या गाडीचे हक्क पुढे 'केटरहॅम'ने घेतले, आणि आजही ती सुट्या भागांत मिळते.

यातल्या कितीतरी गाड्या अर्ध्यावरच राहतात. का, ते आपल्याला सांगायला नको! स्वेटरची पाठ-पोट भराभर विणून होतं; बाह्या आणि जोडणी मात्र पिशवीत पडून राहते. तसंच हे. चाकं लागेपर्यंत उत्साह, मग वायरिंग आणि ब्रेकच्या नळ्या आल्या की कंटाळा. मेहुण्यांनी आणलेली गाडी आधीच्या मालकाकडे अकरा वर्षं चादरीखाली होती.

बहिणीला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आईला भेटायला यायच्या तिकिटांसाठी बाजूला ठेवलेले पैसे या गाडीत गेले होते, आणि तेही न विचारता. चार दिवस घरात अबोला. पाचव्या दिवशी ती गॅरेजमध्ये गेली आणि म्हणाली, "आता आणलीच आहे, तर पुरी करायची. पण हिशेब माझ्या वहीत."

तिने आधी चौदा खोकी उपसली. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत नटबोल्ट मापाप्रमाणे लावले, वर चिठ्ठ्या चिकटवल्या. नियमही तिचेच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. खाली मजबूत स्टँड हवेतच. फायबरग्लास घासताना तोंडाला मास्क, दार उघडं, आणि मुलं बाहेर.

दुसऱ्याचं अर्धवट काम पुढे नेताना आधी मागे जावं लागतं, हे तेव्हा दोघांना कळलं. चुकलेले टाके उसवल्याशिवाय विणकाम पुढे सरकत नाही ना, तसंच. ब्रेकच्या रबरी नळ्यांना चिरा पडल्या होत्या. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून जुनं सगळं काढून टाकावं लागलं. पेट्रोलची टाकी आतून गंजलेली. एक वायर पत्र्याच्या भोकातून तशीच ओढलेली होती. धक्क्यांनी तिचं वेष्टण घासलं असतं तर आगच! तिथे रबरी कडं बसवलं. दोन हिवाळे गेले.

शेवटी सरकारी तपासणी. तिथे अशा गाड्यांची एकेकटी परीक्षा होते. मेहुण्यांची गाडी पहिल्या खेपेला नापास! कारण? बाहेरच्या काही कडा धारदार होत्या. पादचाऱ्याला लागू नये म्हणून अशा कडांची गोलाई निदान अडीच मिलिमीटर त्रिज्येची लागते. महिनाभर घासाघीस करून दुसऱ्या खेपेला पास झाली. गाडी स्वतः जोडल्याचा पुरावा म्हणून बहिणीच्या वहीतल्या पावत्या आणि फोटो नोंदणीला कामी आले.

पहिल्या फेरीला मेहुण्यांनी बायकोला शेजारी बसवलं. "वारा इतका की बोलताच येईना," ती मला हसत सांगत होती. मग गप्प झाली.

कारण तिकिटांचे पैसे पुन्हा साठायला अडीच वर्षं लागली होती. ती आली तेव्हा आईची नजर गेली होती. आईने तिला ओळखलं ते आवाजावरून. मेहुणे त्या दिवशी अंगणात बराच वेळ एकटेच बसून होते.

म्हणून सांगते, छंदाला नाही म्हणू नका. त्यात हातभारही लावा. घर चालवणाऱ्या बाईची शिस्त गॅरेजलाही उपयोगी पडते. पण दोन गोष्टी आधीच ठरवा: पैसे कुठल्या डब्यातले, आणि कुठल्या डब्याला हात लावायचा नाही. गाडी दोन वर्षं उशिरा पुरी झाली तरी चालते हो. माणसं तशी थांबत नाहीत.