द्राक्षमळ्यांतून सायकलवर

फ्रान्समधील बर्गंडीचे द्राक्षमळे पाहावेत ते सायकलवरूनच. बोन शहरापासून सांतने गावापर्यंतचा सुमारे २२ किलोमीटरचा सायकलमार्ग पोमार, व्होलने, म्युर्सो या गावांतून जातो. नेमकी हद्द आणि स्वतंत्र नाव असलेल्या मळ्याच्या तुकड्याला येथे ‘क्लिमा’ म्हणतात. माती, उतार व ऊन बदलले, की शेजारच्याच तुकड्यातील वाइनची चव बदलते. २०१५ मध्ये युनेस्कोने या क्लिमांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. मोटारीत न जाणवणारे हे चढउतार पायडल मारताना पायांना कळतात.

मात्र रक्तातील मद्यार्काची प्रतिलिटर ०.५ ग्रॅम ही फ्रान्समधील कायदेशीर मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. त्यामुळे तळघरात चव घेऊन घोट भांड्यात थुंकावा. तो असभ्यपणा नव्हे, तेथील रिवाजच आहे. आवडलेली बाटली मुक्कामी पोहोचल्यावरच उघडावी.