पंचवीस खेपा की पाच?

लिनिअर ॲक्सिलरेटर, म्हणजे रुग्णालयातल्या बोलीतला ‘लिनॅक’, सूक्ष्मलहरींच्या जोरावर इलेक्ट्रॉनांना वेग देतो आणि टंगस्टनवर आदळवतो. त्यातून निघणारे क्ष-किरण स्तनाच्या कडेने तिरपे सोडले, की आतले फुप्फुस आणि हृदय बरेचसे वाचते. किरण अंगावर पडतात ती मिनिटे मोजकीच. खर्च होतात ते दिवस. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढल्यानंतर कित्येक दशके 50 ग्रेची (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) मात्रा 25 खेपांत, शनिवार-रविवार सोडून पाच आठवडे दिली जाई. ज्या रुग्ण स्त्रीच्या तालुक्यात हे यंत्र नाही, तिने तेवढे दिवस शहरात कुठे राहायचे? सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, मुले शेजारी ठेवावी लागतात. म्हणून माझे ठाम मत आहे, की जिथे चालेल तिथे कमी खेपांचा उपचार सवलत म्हणून नव्हे, पहिला पर्याय म्हणून पुढे ठेवावा.

गाठ काढलीच आहे, तर किरण तरी कशाला, असे कुणी विचारेल. स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेनंतरच्या 17 चाचण्यांतील 10,801 स्त्रियांचा एकत्रित आढावा 2011 साली आला. दहा वर्षांत रोग पहिल्यांदा उलटण्याचे प्रमाण किरणांविना 35 टक्के होते, किरणांसह 19.3 टक्के. तेव्हा खेपा कमी करायच्या, उपचार गाळायचा नाही. ब्रिटनमधल्या ‘स्टार्ट’ चाचण्यांनी 15 खेपांत 40 ग्रे पुरतात हे दाखवले. त्यापुढची ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणी 26 ग्रे पाच खेपांत, एका आठवड्यात देऊन पाहणारी. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, पाच वर्षांनी त्याच बाजूला रोग परतण्याचे प्रमाण 15 खेपांच्या गटात 2.1 टक्के आणि पाच खेपांच्या गटात 1.4 टक्के निघाले.

मग एकेका खेपेचा मारा जड होऊन अंग पोळणार नाही का? शंका रास्त आहे. पण एकूण मात्रा म्हणूनच कमी केलेली असते. शिवाय स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी खेपेच्या आकाराला जवळपास निरोगी ऊतींइतक्याच संवेदनशील असतात. त्यामुळे बारीक बारीक खेपांनी निरोगी भागाला फारसे जास्तीचे संरक्षण मिळत नाही. मर्यादाही सांगायला हवी: काखेतल्या किंवा गळ्याच्या हाडामागच्या लसिकाग्रंथींनाही किरण द्यायचे असतील, तर पाच खेपांमागचा पुरावा तितका मुरलेला नाही, आणि तिथे 15 खेपा निवडणे शहाणपणाचे. डाव्या बाजूचा रोग असेल तर हृदय वाचवण्यासाठी श्वास रोखून किरण घेण्याची सोय आहे का, हेही विचारावे. किरणांचे नियोजन होण्याआधीच डॉक्टरांना विचारा: माझ्यासाठी खेपा किती, आणि तेवढ्याच का?